‘नीट जमेल तेव्हाच’ ही अट

‘सगळं नीट जमणार नसेल तर लिहायला सुरुवातच करवत नाही’ हे तुझं वाक्य वाचून थबकले. मीही अनेक वर्षं तिथेच अडकले होते. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले: परिपूर्णता आपण स्वतःकडून मागतो, इतरांकडून मागतो, किंवा ‘लोकांना मी निर्दोषच हवी आहे’ असं आपल्याला वाटत असतं. तिसरा मला सर्वांत जाचक वाटतो. घर, नोकरी, दिसणं, बोलणं, बाईला सगळीकडेच कुणीतरी गुण देतंय असं वाटत राहतं. (त्यातले कितीतरी परीक्षक आपल्याच डोक्यात बसलेले असतात.)

चाळिशीत चित्रकला शिकायला लागले तेव्हा सहा महिने वही कुणाला दाखवली नाही. मग शिक्षिकेने सांगितलं, खोडरबर बंद. चुकलेली रेघ तशीच ठेवायची, शेजारी दुसरी काढायची. फार त्रास झाला. पण त्या चुकलेल्या रेघांमुळेच हात नेमका कुठे घसरतो ते दिसायला लागलं, आणि सुधारणा तिथून सुरू झाली.

तू पंधरा मिनिटांचा गजर लावून लिही. वाजला की थांब, आणि ते पान त्या दिवशी परत वाचू नकोस.