अनुभव धागा : 'सायबरपंक २०७७' हा गेम तुमच्या मशीनवर नेमका कसा चालतो?

परवा धाकट्या मावसभावाचा फोन आला. "दादा, सायबरपंक सेलमध्ये स्वस्त झालाय. माझ्या पीसीवर चालेल का रे?" नुसती यादी वाचून दाखवली असती तर दोन मिनिटांत विषय संपला असता. २.० च्या अपडेटपासून किमान लागतं ते असं : जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, १२ जीबी रॅम आणि ७० जीबी जागा, तीही एसएसडीवर (साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क). त्याच्याकडे हे सगळं आहे. तरी मला चटकन 'हो' म्हणवेना, कारण माझं मशीन या यादीच्या बरंच वर असूनही पहिले चार महिने मी हा गेम दात-ओठ खात खेळलोय.

माझं मशीन : रायझन ५ ३६००, जीटीएक्स १६६० सुपर, १६ जीबी रॅम, एनव्हीएमई (जास्त वेगवान जातीची) एसएसडी, १०८० पिक्सेलचा पडदा. गेममधल्या बॅडलँड्सच्या वाळवंटात गाडी पळवताना सेकंदाला सत्तर फ्रेम, म्हणजे चित्रं, सहज मिळायच्या. पण शहरातल्या जपानटाउनमध्ये चेरी ब्लॉसम मार्केटात शिरलो की पाय चिखलात रुतल्यासारखे वाटायचे. कोपऱ्यातला आकडा तेव्हाही ५० च्या आसपास असायचा. म्हणून मी कार्डालाच दोष देत राहिलो आणि सावल्या, धुकं, प्रतिबिंबं एकेक करून खाली आणत गेलो. काडीचा फरक पडला नाही.

शेवटी एका मित्राने फ्रेम-टाइमचा आलेख चालू करायला सांगितलं. ६० फ्रेम म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला एक चित्र, म्हणजे आलेखात सपाट रेघ दिसायला हवी. माझ्याकडे करवतीचे दात होते. पंधरा, सोळा, पंधरा आणि मधेच एकदम साठ मिलिसेकंद. सरासरीत हा साठचा दात दिसतच नाही, हाताला मात्र तोच लागतो.

कारण निघालं रॅम. १६ जीबीची एकच काडी होती, त्यामुळे प्रोसेसर आणि मेमरीमधली अर्धी वाट बंद. शिवाय बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवायची सोय) बंद असल्याने ३२०० ची काडी २४०० वर चालत होती. तशीच दुसरी काडी आणली, दोन्ही दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या, एक्सएमपी चालू केलं. सरासरी वाढली जेमतेम सहा-सात फ्रेमनी, पण बाजारातले झटके जवळजवळ गेले. कार्डाला हातही लावला नव्हता.

म्हणून हा धागा. नुसतं "मस्त चालतो" किंवा "बेकार चालतो" असं लिहू नका. प्रोसेसर, कार्ड, रॅम किती आणि किती काड्यांत, डिस्क कुठली, पडदा केवढा, हे लिहा. आकडा शहरात कुठे मोजलात तेही लिहा. मेनूतली बेंचमार्क फेरी तुलनेला चांगली आहे, पण भरलेल्या बाजारापेक्षा ती हलकी जाते. गेमची आवृत्तीही सांगा. १० डिसेंबर २०२० ला गेम आला तेव्हा किमान यादीत जीटीएक्स ७८०, ८ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्कसुद्धा चालत होती. २१ सप्टेंबर २०२३ ला २.० आलं आणि अपेक्षा वाढल्या. त्यामुळे २०२१ चा अनुभव आजच्या माणसाला तसाच्या तसा लागू होत नाही.

(इथून पुढे आलेली उत्तरं.)

सांगली. आय५-८४००, जीटीएक्स १०६० (६ जीबी), १६ जीबी रॅम दोन काड्यांत

मी २०२१ मध्ये गेम घेतला तो १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. तेव्हा चालतंय असं लिहिलेलं होतं, म्हणून निर्धास्त होतो. गाडी वेगात नेली की रस्ता आधी यायचा, इमारती मागाहून. समोरची माणसं तीन-चार सेकंद मातीच्या बाहुल्यांसारखी गुळगुळीत, मग हळूच डोळे-नाक उमटायचं. एकदा पाठलागाच्या मिशनमध्ये ज्या गाडीच्या मागे जायचं तीच मला धडकल्यावर दिसली. सेटिंगमध्ये 'स्लो एचडीडी मोड' आहे, तो चालू केल्यावर थोडं सुसह्य झालं, पण थोडंच.

२.० आल्यावर ५०० जीबीची साधी साटा एसएसडी घेतली. फ्रेमचा आकडा होता तिथेच राहिला, मीडियमवर ४५ ते ५०. एसएसडीने फ्रेम वाढतील या आशेने कुणी घेत असेल तर थांबा. पण आता शहर माझ्या गाडीच्या पुढे असतं. मला तर गेम बदलल्यासारखा वाटला. आणि हो, डिस्क बदलताना ७० जीबी पुन्हा उतरवू नका. स्टीममध्येच (जिथून गेम विकत घेतो ते ॲप) एका डिस्कवरून दुसरीवर गेम हलवायची सोय आहे.

नागपूर. लॅपटॉप, जीटीएक्स १६५० (४ जीबी), १६ जीबी रॅम

माझा प्रश्न कार्डाचा नाही, मे महिन्याचा आहे. पहाटे पाचला उठून खेळलं तर लो सेटिंगवर ४५ फ्रेम. दुपारी त्याच रस्त्यावर, त्याच सेव्हवरून, २८. तापमान बघितलं तर प्रोसेसर ९५ अंशांना टेकलेला आणि वेग ४ गिगाहर्ट्झवरून २ वर. तो स्वतःला वाचवायला हळू होत होता.

आधी लॅपटॉप उघडून घेतला. पंख्याच्या पुढच्या जाळीवर धुळीची अक्षरशः गादी बसली होती, नखाने अख्खी सोलून निघाली. प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. मग विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांवरून ९९ केली. त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो. गेममध्ये फ्रेमला ४० ची मर्यादा घातली. आता दुपारी ८० अंशांच्या आत राहतो आणि ३८-४० फ्रेम टिकतात. पहाटेचा ४५ चा आकडा गेला, पण तीन तास सलग खेळता येतं. चाळिशीतलं तीन तासांचं सुख मला पंचेचाळिशीतल्या वीस मिनिटांपेक्षा मोठं.

विदर्भातल्यांना एक सांगणं. खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका. हवा गार असते पण ओली असते. माझ्या मित्राचा कीबोर्ड तसाच गेला.

लातूर

कार्डच नाही. रायझन ५ ५६००जी, आतलं ग्राफिक्स. २०२१ मध्ये कार्डांचे भाव इतके चढले होते की घरी विषय काढायची सोय नव्हती. ७२० पिक्सेल, सगळं लो, एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र काढून मोठं करायची सोय) चालू, गर्दी लो : ३० च्या आसपास, बाजारात २४-२५. रॅमच्या दोन काड्या नसतील तर याच्या वाटेला जाऊच नका, कारण इथे ग्राफिक्सलाही तीच रॅम पुरवायची असते. दिसायला धुरकट. तरी अख्खी कथा पूर्ण केली.

भुसावळ. आय५-७५००, जीटीएक्स १०७०, १६ जीबी

माझी उलटी गत. कार्ड भक्कम, प्रोसेसर चार कोरचा. कबुकीच्या बाजारात कार्ड ५५-६० टक्क्यांवर निवांत आणि प्रोसेसरचे चारही कोर १०० वर. ग्राफिक्स लो केलं तरी ४०, हायवर नेलं तरी ४०! हे पाहिल्यावर डोक्यात प्रकाश पडला. सेटिंग खाली आणून आकडा हलत नसेल तर अडथळा कार्डात नाही.

मग गर्दीची घनता, म्हणजे 'क्राउड डेन्सिटी', हायवरून लोवर आणली आणि ४० चे ५० झाले. रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाचं चालणं-वळणं प्रोसेसर बघतो, म्हणून. पण नाइट सिटीत, म्हणजे गेममधल्या शहरात, माणसंच नसतील तर उरलं काय? सहा महिन्यांनी जुना आय७-७७०० मिळाला, त्याच मदरबोर्डवर बसला. चार कोर, पण आठ थ्रेड, म्हणजे एकेका कोरवर दोन-दोन कामं. आता गर्दी मीडियम आणि बाजारात ५५. 'फँटम लिबर्टी' या जोड-भागातल्या डॉगटाउन वस्तीत अजून ४५ ला येतो. तिथे मी काही करू शकलेलो नाही, कुणाला उपाय सापडला असेल तर लिहा.

(धागाकर्ता : भुसावळकरांनी लिहिलंय ती खूण सगळ्यांनी आधी करून बघा. पैसे खर्च करायच्या आधी.)

जालना जिल्हा, गाव लिहीत नाही. रायझन ५ ५६००, आरटीएक्स ३०६० (१२ जीबी)

गेम उत्तम चालायचा. रे ट्रेसिंगशिवाय (प्रकाशकिरणांचा हिशेब करून उजेड-सावल्या काढणारं जड सेटिंग) हायवर ७०-७५. रे ट्रेसिंग चालू केलं की दहा-पंधरा मिनिटांत पीसी पटकन बंद होऊन पुन्हा चालू. निळा पडदा नाही, काही संदेश नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' एवढंच. दोन महिने मी ड्रायव्हर बदलत बसलो, विंडोज दोनदा नव्याने टाकलं.

आधी यूपीएसवर संशय गेला. ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॅटचा, त्यात मॉनिटरही त्याच्यावरच. थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघितलं तरी तेच. मग राहिला एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. जुळवून देणाऱ्याने कॅबिनेटबरोबर आलेलाच बसवला होता, वर ४५० वॅट असं स्टिकर. काढून हातात घेतला तर इतका हलका की आत काही आहे का असं वाटावं. नंतर नवा आणल्यावर माझ्या वडिलांनी दोन्ही हातांत जुना-नवा धरून बघितले आणि म्हणाले, "मोटर विकत घेताना आपण वजन बघतो, हे कसं नाही बघितलंस?"

६५० वॅटचा ब्रॉन्झ प्रमाणपत्र असलेला घेतला. त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही. रे ट्रेसिंग मीडियम, डीएलएसएस (हीपण चित्र लहान काढून मोठं करायची सोय) क्वालिटी, ४५-५०. पीसी जुळवून घेताना सगळे कार्डाचं नाव विचारतात. कृपा करून एसएमपीएसचं नाव विचारा.

ठाणे. आरएक्स ५८० (८ जीबी), ६० हर्ट्झचा मॉनिटर

मी चाळिशीत गेम खेळायला लागलेली बाई आहे. मला अर्ध्या तासात डोकं धरायचं, मळमळायचं. मुलगा म्हणाला, "आई, ४०-४५ फ्रेम येतायत, ठीक आहे की." पण ६० हर्ट्झच्या पडद्यावर ४५ फ्रेम समान वाटल्या जात नाहीत. काही चित्रं पडद्याच्या एका फेरीपुरती, काही दोन फेऱ्यांपुरती राहतात. ती ओढाताण माझ्या डोळ्यांना सोसत नव्हती.

३० ला बांधून टाकला. प्रत्येक चित्र बरोबर दोन फेऱ्या. पहिली पाच मिनिटं जड वाटलं, मग विसरले. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अॅबरेशन तिन्ही बंद केलं आणि दृष्टीचा कोन थोडा वाढवला. ज्यांना गाडीत बसून वाचताना त्रास होतो त्यांनी हे आधी करावं. आता रविवारी दुपारी दोन-अडीच तास मजेत खेळते, पावसात मोटारसायकल घेऊन नुसती फिरते.

मुंबई-पुणे, डेक्कन क्वीन

स्टीम डेक (हातात धरून खेळायचा छोटा पीसी), भावाने परदेशातून आणलेला. डेकसाठीची तयार सेटिंग, ८०० पिक्सेल, ३० ला बांधलेला. छान चालतो, बाजारात किंचित अडखळतो. पण सीएसएमटीला पूर्ण चार्ज असलेली बॅटरी कर्जत सोडून घाट लागला की संपते. पुण्यापर्यंत न्यायचा असेल तर पॉवर बँक हवीच.

आइंडहोवन, नेदरलँड्स. आरटीएक्स ४०७०, १४४० पिक्सेल

माझ्या यंत्राला तक्रार करायचा हक्क नाही, तरी विचारलंय म्हणून लिहितो. एप्रिल २०२३ मध्ये आलेलं पाथ ट्रेसिंग, म्हणजे रे ट्रेसिंगचाच आणखी जड प्रकार, चालू करून बघितलं. डीएलएसएस क्वालिटीवर ४० च्या आत-बाहेर, फ्रेम जनरेशन चालू केलं की आकडा ७०-७५. पडद्यावर ७५ दिसतात पण माउस हलवल्यावर हाताला ४० चाच उशीर लागतो, कारण मधली चित्रं कार्डाने रचलेली असतात. ती तुमची आज्ञा ऐकून आलेली नसतात. फिरताना, बघताना ठीक. गोळीबार सुरू झाला की मी साध्या रे ट्रेसिंगवर येतो.

पण रात्री, पाऊस पडून गेल्यावर, ओल्या डांबरावर निऑनच्या पाटीचा लाल रंग पसरतो आणि शेजारून गाडी गेली की तोच लाल तिच्या दारावरून सरकत जातो... तेवढ्यासाठी मी अधूनमधून थांबतो आणि नुसता उभा राहतो.

आधीचं कार्ड आरटीएक्स ३०७०, ८ जीबी. त्यावर तासाभराने फ्रेम १५ ला यायच्या, गेम बंद करून उघडला की ठीक. व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, भरत होती. टेक्स्चर हायवरून मीडियमला आणलं आणि गेलं. हे टेक्स्चरचं सेटिंग खेळताना बदलता येत नाही, मुख्य मेनूत जावं लागतं, म्हणून अनेकांना सापडत नाही.

कराड

मीच तो मावसभाऊ. दादाने धागा वाचायला लावला आणि मग घे म्हणाला. आय५-९४००एफ, जीटीएक्स १६६०, १६ जीबी, साटा एसएसडी. आधी पीसी उघडून बघितला : एकच काडी. दुसरी मित्राकडून आणून लावली. स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात, म्हणून कथा सुरू करायच्या आधी मेनूतूनच बेंचमार्क लावला. मीडियमवर एका काडीत सरासरी ५१, दोन काड्यांत ५७. तळाचा आकडा ३४ वरून ४६. गेम ठेवला.

सुरुवातीला शहराच्या वॉटसन भागाच्या बाहेर सोडत नाहीत, त्यामुळे सध्या कबुकीचा बाजारच मोजलाय : ४८ ते ५२, दोनदा झटका बसला, दोन्ही वेळा गाडीवरून वेगात आलो तेव्हा. चेरी ब्लॉसम मार्केटला पोहोचलो की तिथलेही आकडे टाकतो.