वेगवान गाडी, रोजचे टायर, नागपूरचं ऊन : तुमचे अनुभव लिहा

माझ्याकडे स्कोडाची ऑक्टाव्हिया आहे, १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), १८० पीएसची, म्हणजे साधारण तितक्याच अश्वशक्तीची. आठवड्यातले सहा दिवस ती त्रिमूर्तीनगर ते मिहान आणि परत एवढंच धावते. महिन्या-दीड महिन्यातून समृद्धीवरून संभाजीनगर. गेल्या महिन्यात चारही टायर बदलायला झाले आणि दुकानात मला दोनच टोकं दाखवली गेली. एकीकडे बाहेरून आलेला स्पोर्ट टायर, चार घेतले तर महिन्याचा पगार संपेल असा. दुसरीकडे अगदी स्वस्त, "शहरात चालतो साहेब" म्हणून. मधलं काही नाहीच का, हे विचारत आठ दिवस ओळखीपाळखीत फिरलो. त्यात इतकं शिकायला मिळालं की ते एका जागी यावं असं वाटलं.

गाडी कोणती, टायरचा आकार काय, किती किलोमीटर झाले, आणि मुख्य म्हणजे मे महिन्यात आणि जूनच्या पहिल्या पावसात गाडी कशी वागली, ते लिहा. पुण्या-मुंबईचे सल्ले आपल्याला अर्धेच लागू पडतात. त्यांच्याकडे पारा सहसा ४५च्या वर जात नाही.

माझ्यापासून सुरुवात करतो. आकार २०५/५५ आर१६ ९१व्ही. २०५ म्हणजे मिमीमध्ये रुंदी, ५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, आणि १६ म्हणजे इंचांत रिमचा व्यास. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार आणि व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंतची क्षमता. समृद्धीवर मर्यादा १२०ची आहे, मग व्ही कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण हा आकडा नुसत्या वेगाचा नाही. टायर किती उष्णता सोसू शकतो, तेही त्यातून कळतं. म्हणून खालचा दर्जा घेतला नाही, स्पोर्टही घेतला नाही. भारतात बनलेला, आरामाकडे झुकणारा टायर घेतला. चार मिळून ३३ हजार. सप्टेंबर २०२५मध्ये टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, त्यानेही हातभार लागला. वळणावर पूर्वीपेक्षा किंचित उशिरा प्रतिसाद मिळतो, हे खरं आहे. पण वर्धा रोडच्या सिमेंटवर आतला आवाज इतका उतरला की मागे बसलेल्या आईशी आता साध्या आवाजात बोलता येतं.

पोलो जीटी टीएसआय, मानेवाडा

मी स्वस्ताच्या टोकाला गेलो होतो, त्यामुळे सविस्तर लिहितो. आकार १९५/५५ आर१६. कंपनीचं नाव लिहीत नाही. दुकानदार म्हणाला ८० हजार किमी जातील. उन्हाळाभर काही कळलंच नाही, उलट पैसे वाचले म्हणून मी खूश होतो.

जूनमध्ये पहिली सर आली. रिंग रोडला सिग्नल सुटला आणि नेहमीसारखं ॲक्सिलरेटर दाबलं, तर पुढची दोन्ही चाकं जागेवरच फिरली. १७५ न्यूटन मीटरचा जोर पुढच्याच चाकांवर येतो आणि खाली धरायला काही नाही. ते निभावलं. चार दिवसांनी मात्र समोर एक ॲक्टिव्हावाली मुलगी अचानक थांबली. ब्रेक दाबला, एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) थडथडत राहिलं आणि गाडी पुढे सरकतच राहिली. मुलगी आणि बंपर यांच्यात हातभर अंतर उरलं असेल. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर टायरच्या बाजूवर लिहिलेलं पहिल्यांदा नीट वाचलं. तिथे ट्रेडवेअर (झीज), ट्रॅक्शन (पकड) आणि टेम्परेचर (उष्णता सोसणं) असे तीन दर्जे होते. माझ्या टायरचा ट्रेडवेअर आकडा खूप मोठा होता, म्हणजे रबर कडक आणि झिजायला हट्टी. ट्रॅक्शन बी होतं. ओल्यात सरळ ब्रेक लावला की टायर किती धरतो, ते हे अक्षर सांगतं. एए सर्वांत वर, मग ए, बी, सी. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात फारसा अर्थ नाही, हेही नंतर समजलं.

११ हजार किमीवरच ते टायर काढून टाकले. पुढचं शेवटी लिहितो.

(धागाकर्ता) दादा, मनापासून आभार. असं उघडपणे फार कमी जण लिहितात.

स्लाव्हिया १.५, वाडी

माझा मुद्दा हवेचा. उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवा, हे आपल्याकडे प्रत्येक पंपावर ऐकायला मिळतं. मीही ३३ पीएसआयऐवजी (हे हवेच्या दाबाचं माप) २७-२८ ठेवायचो. समृद्धीवर तीन खेपा झाल्यावर टायरच्या दोन्ही कडा घासलेल्या आणि मधला भाग जवळजवळ नवा. अलाइनमेंट करणाऱ्या पोऱ्याने हात फिरवूनच सांगितलं, "काका, हवा कमी ठेवता तुम्ही."

हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, आणि ते वाकणंच रबर आतून तापवतं. तासन्तास १२०ने, खाली तापलेलं काँक्रीट, आणि आपल्याकडे तर विमानतळावर २३ मे २०१३ला ४७.९ अंशांची नोंद आहे. टायर फुटायला हेच पुरेसं. आता पहाटे, गाडी हललेली नसताना, दारावरच्या पट्टीवर लिहिलेली हवा भरतो. साधारण दर साडेपाच अंशांमागे १ पीएसआय वाढतो, त्यामुळे दुपारी जालन्याला ३८ दिसले तरी काढत नाही. घरी ठेवायला हवा मोजायचा ७०० रुपयांचा गेज घेतला. गाडीसाठी यापेक्षा कामाची वस्तू मी आजवर घेतलेली नाही.

टर्बो पेट्रोल सेडान, धंतोली

अठरा इंची २२५/४० होते. दीड वर्षात साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, तीनदा फुगा आला, तिन्ही वेळा खड्डा. शेवटी सतरा इंची रिमवर २२५/४५ बसवले. बाहेरचा व्यास ६३७ मिमीवरून ६३४वर आला, म्हणजे स्पीडोमीटरला फरक जवळपास नाही, आणि बाजूची उंची ९० मिमीची १०१ झाली. टायरही स्वस्त मिळाले. फक्त रिम घेण्याआधी ती ब्रेकच्या कॅलिपरवरून बसते का, ते लावून पाहा.

आय२० एन लाइन, धरमपेठ

मी रोज हिंगण्याला शिकवायला जाते. एका वेळी चार घेणं परवडत नव्हतं म्हणून दोनच घेतले आणि पुढे लावले. इंजिन पुढे आहे, ओढतातही पुढचीच चाकं, म्हणून मला ते बरोबर वाटलं. अमरावती रोडला पाण्याच्या डबक्यातून वळताना गाडीची मागची बाजू निसटली. नवे टायर मागे हवेत, हे दुसऱ्या दुकानदाराने समजावलं. पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाते आणि आपण वेग कमी करून सावरतो. मागची सरकली की गाडी गर्रकन फिरते, आणि तिला सावरणं माझ्यासारखीला जमत नाही. दोनच घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा, ताई-दादांनो.

कामठी रोड

भाऊ, माह्यं टायरचं दुकान वीस वर्षं होतं, आता पोरगा पायते. २०२०च्या जूनमध्ये सरकारनं बाहेरून येणाऱ्या टायरवर निर्बंध घातले. तवापासून मोठ्या गाडीचे खास आकार कमी येतात, अन् आले तं महाग येतात. मंग काही ठिकाणी जुना माल पॉलिश मारून ठेवतात. गिऱ्हाईक चमक पायते, तारीख पाहत नाही. बाजूवर डॉट लिहिलं असते, त्याच्या शेवटी चार आकडे पाहा. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. सहा-आठ महिन्यांचा असला तं घ्या. तीन वर्षांचा असला तं सूट कितीही देवो, सोडून द्या. आपल्या उन्हात गोदामातलं रबरही वाळते. अन् खाचेत १.६ मिलिमीटरची खूण असते, तिथवर वाट पाहू नका, तो कायद्याचा शेवट आहे. ३ मिलिमीटर राहिलं की पावसाच्या आधी या.

ते पोलोवाले भाऊ, तुम्ही मंग कोणते घेतले?

पोलो जीटी टीएसआय, मानेवाडा

काका, ट्रॅक्शन ए, टेम्परेचर ए, इथलीच बनावट, चार मिळून २९ हजार. डॉट पाहिला, पाच महिन्यांचे होते. ऑगस्टमध्ये परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट भर पावसात चढलो. शेजारी बायको, मागे दोन्ही पोरं झोपलेली. एका वळणावर समोरून एसटी आली, मी ब्रेक दाबला आणि गाडी जिथे थांबायला हवी तिथेच थांबली. पोरं जागीसुद्धा झाली नाहीत.