दख्खनी मेंढीची कच्ची लोकर मिळालीये, नाताळच्या सुट्टीत घरी कातून विणता येईल का?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. सिन्नरजवळ दिरांच्या शेतात आत्ता धनगरांचा वाडा (मेंढ्यांसकट मुक्कामाचा तळ) उतरलाय, खतासाठी मेंढ्या बसवल्यात. परवा कातरणी झाली तेव्हा त्यांनी गोणीभर लोकर अशीच देऊन टाकली, म्हणे हल्ली घ्यायला कोणी येत नाही आणि आलं तरी कातरणाऱ्याची मजुरी सुटत नाही. ऐकून फार वाईट वाटलं. बरीचशी काळी आहे, थोडी करडी, थोडी तपकिरी. मला दोन सुयांचं विणकाम येतं, स्वेटर, मोजे, टोपरी सगळं करते, पण दुकानातल्या तयार लोकरीचं, सूत कातणं कधी केलेलं नाही. लेक सहावीत आहे, तिला सुट्टी लागतेय आणि ती गोणी बघितल्यापासून माझ्या मागेच लागलीये. तर विचारायचं असं की ही धुवायची कशी (वास आहे आणि कुसळं तर विचारू नका), आजेसासूबाईंचा पेटी चरखा माळ्यावर आहे तो चालेल का, आणि लेकीला हवाय तसा स्वेटर याचा होईल का? युट्यूबवर बघावं तर सगळं मेरिनोचं, त्या मऊ लोकरीच्या परदेशी मेंढीचं.

माणदेशी:
ताई, स्वेटर नको. आधीच सांगतो म्हणजे पोरीचा हिरमोड नको व्हायला. दख्खनी लोकर जाड आणि केसाळ असते, मेरिनोचा केस साधारण 18 ते 22 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला तर ही जवळजवळ दुप्पट जाड, अंगाला टोचणारच. पण म्हणून ती कमी दर्जाची म्हणू नका हो, घोंगडं त्याच जाडपणावर उभं आहे. पावसाच्या भुरभुरीत पाणी वरच्यावर राहतं, खाली जमिनीचा गारवा लागत नाही, आणि एक घोंगडं माणूस वर्षानुवर्षं वापरतो. आमच्या भागात धनगराच्या घरात बायका सूत काततात आणि सनगर (घोंगडी विणणारा समाज) ते खड्डामागावर विणतात, ताण्याला म्हणजे उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ लावतात त्यानं धागा ताठ आणि मजबूत होतो. लहानपणी शेजारीच माग होता, खळ शिजायला लागली की सगळ्या गल्लीला वास.

एक विचारून बघा वाड्यावर, जावळ आहे का म्हणून. कोकराची पहिली कातरण, ती मऊ असते आणि जावळाच्या घोंगड्याला मान पण वेगळा. मिळाली तर वेगळी ठेवा, पोरीची टोपी त्यातनं होईल, आतून सुती कापड लावायचं. बाकीच्या लोकरीचं बसायचं आसन करा, पिशवी करा.

सुलट_उलट:
माणदेशी दादांनी स्वेटरचं सांगितलंच, मी धुण्याचं आणि चरख्याचं सांगते. पुण्यात आम्ही काही मैत्रिणी दर हिवाळ्यात हे करतो.

आधी अंगणात जुनी साडी पसरून सगळी लोकर मोकळी करा, पोटाखालची आणि पायाकडची लेंडीची, चिकटलेली असेल ती सरळ बाजूला काढा, झाडाच्या आळ्यात घाला, छान खत होतं. गोचीड असू शकतात त्यामुळे हे काम घरात करू नका आणि हात नीट धुवा. मग रात्रभर गार पाण्यात बुडवून ठेवायची, निम्मी माती इथेच जाते. दुसऱ्या दिवशी हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात रिठ्याचं पाणी घालून त्यात लोकर फक्त दाबून ठेवायची, चोळायची नाही, पिळायची नाही, वरून धार सोडायची नाही. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की लोकर एकमेकात अडकून गच्च गोळा होतो आणि तो परत सुटत नाही. नंतरची पाणी पण तेवढीच गरम हवीत. सावलीत वाळवा. कुसळं धुताना निघत नाहीत, ती वाळल्यावर बोटांनी विंचरतानाच निघतात, हा वेळखाऊ भाग आहे पण गप्पा मारत चार जणी बसल्या की होतो. पिंजायला धनुकली (पिंजाऱ्याचं धनुष्य) कुठून आणणार, तर कुत्र्यांचे केस विंचरायचे तारांचे ब्रश मिळतात ना, त्यातले दोन घ्या, एकावर लोकर पसरून दुसऱ्याने ओढायची, मस्त पेळू (कातायला घ्यायच्या सैल वळ्या) होतात.

पेटी चरखा मात्र राहू द्या. तो गांधीजींच्या येरवड्याच्या दिवसातला, कापसासाठी केलेला आहे, चाती (सूत गुंडाळणारी सळई) बारीक आणि फिरते प्रचंड वेगात, लोकरीला एवढा पीळ बसला की धागा तारेसारखा कडक होतो. शिकायला टकळी बरी, तीही सूतकताईची पितळी नको, ती फार हलकी पडते. घरीच करा: दोन जुन्या सीडी एकमेकींना चिकटवायच्या, भोकात रबराचा वायसर घालून लाकडी काडी घट्ट बसवायची, वरच्या टोकाला छोटा हुक. लेक एका संध्याकाळी करेल. सुरुवातीचा धागा जाडाबारीक होणारच, तो टाकू नका, आसनाला तोच छान दिसतो.

किवी_मावशी:
मी न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला असते, आमच्याकडे आत्ता उन्हाळा आहे पण कातणं बारमाही चालतं. इथून जवळच ॲशबर्टनला ॲशफर्डचे चरखे बनतात, कंपनी 1934 ची, आणि गावोगावी कातणाऱ्या बायकांचे गट आहेत. गोदाकाठची ताई, तुम्ही मजुरीचं लिहिलंत ते वाचून चमकले, कारण इथेही गेल्या काही वर्षांत जाड लोकरीची तीच गत झाली होती, कातरायचा खर्च लोकरीच्या भावापेक्षा जास्त व्हायचा आणि शेतकरी वैतागले होते. आमची रोमनी मेंढीसुद्धा मेरिनोपेक्षा बरीच जाड, गालिच्यात जाते, पण हाताने कातणारे तिच्यावर जीव टाकतात कारण केस लांब असतो आणि शिकणाऱ्याच्या हातातून निसटत नाही.

टकळीवर कातताना घड्याळाच्या दिशेने फिरवलंत तर दोन धागे एकत्र पिळताना उलट दिशेने फिरवा, नाहीतर विणताना सगळं तिरकं जातं. दुपदरी झाला की लडी करून कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा, पीळ बसतो. विणायला जाड सुया घ्या, भारतातले नंबर उलटे चालतात, 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर आणि 8 नंबर म्हणजे 4, तुम्हाला 5 किंवा 4 नंबर लागेल. नुसते सुलट टाके घाला, धाग्याचा रंगच इतका सुंदर असतो की नक्षीची गरज नाही.

गोदाकाठची:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! वाड्यावर विचारलं, जावळ आहे म्हणाले, थोडीच आहे पण देतायत, आणि मी यावेळी पैसे घ्यायलाच लावले. काळी आणि करडी एकत्र पिळून बघणार आहे. उरलेली गोणी मे महिन्यापर्यंत ठेवायची तर कसर लागेल का?

माणदेशी:
न धुता ठेवली तर नक्की लागेल. धुऊन, कडक वाळवून, सुती पिशवीत भरा, प्लॅस्टिकमध्ये नको, दमट होते. मधे मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला आणि महिन्यातनं एकदा उन्हात झटका. आणि पैसे दिलेत ते फार बरं केलंत, पुढच्या कातरणीलाही त्यांनाच सांगून ठेवा.