नागपुरातल्या मंडळ्यांनी मिळून तरुणांना धंदा शिकवावा का?

मोहननगरकर
आमच्याकडे सध्या एक प्रस्ताव चर्चेत आहे. कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय), मेथडिस्ट अशा मंडळ्यांनी, म्हणजे चर्चनी, मिळून धंद्यात उतरणाऱ्या ख्रिस्ती तरुणांना शिकवायचं आणि प्रत्येकाला वर्षभर एका अनुभवी व्यावसायिकाची सोबत द्यायची. माझा पूर्ण पाठिंबा. १९७० साली सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं ते याच नागपुरात, मग एवढं का जमू नये?

आपल्या घरांत शिक्षक, नर्स, रेल्वेवाले भरपूर. धंद्यातलं विचारायला कुणी नाही. माझी बहीण डिसेंबरात प्लम केक करते. मैदा, लोणी, सुका मेवा सगळं मोजलं. ओव्हनची वीज आणि स्वतःची जागरणं धरलीच नाहीत. साठ केक विकून हाती काहीच उरलं नाही. शेजारी बसून तिची वही बघणारं कुणी हवं होतं.

सदरची लेक
माझा विरोध आहे. बाबांनी मंडळीतल्याच एकाला दुकानासाठी पैसे दिले होते. दुकान बसलं. त्यानंतर ते कुटुंब उपासनेला यायचंच बंद झालं. बाबांनी एकदाही पैसे मागितले नव्हते, तरी. शिवाय मार्गदर्शक चर्चच्या कमिटीवरचा असेल तर 'तुमचा सल्ला चुकला' असं त्याला कोण म्हणेल?

मोहननगरकर
पैसे चर्चनं द्यायचेच नाहीत, ताई. त्यासाठी बँक आहे. सरकारच्या मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं.

इतवारीतला
धंदा शिकायचा तर इतवारीच्या ठोक बाजारात सहा महिने काढा. उधारी कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे तिथंच कळतं. गिऱ्हाईक सगळ्या धर्मांचं, मग शिकणारे फक्त ख्रिस्ती का?

जुना विद्यार्थी
स्वित्झर्लंडच्या बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. ख्रिस्ती झालेल्यांना काम मिळालं, पण मालकी मिशनचीच राहिली. आता मालक व्हायला शिकवा, एवढंच मागणं. आणि बायबलमधला प्रेषित पौल करिंथ शहरात अक्विल्ला नावाच्या माणसाच्या घरी राहून तंबूच करत होता ना? दोघांचा धंदा एकच होता, म्हणूनच तो तिथं राहिला.

मोहननगरकर
इतवारीचं पटलं, वर्ग सगळ्यांना खुला ठेवू. आणि ताई, मार्गदर्शक दुसऱ्या मंडळीचा द्यायचा. रविवारी समोरासमोर यायचं नाही, तर खरं बोलता येतं. मंडळ्यांनी मिळून करायचं ते याचसाठी.

सदरची लेक
हे आधी कागदावर लिहून घ्या. पैसे नाहीत, मार्गदर्शक बाहेरचा. मग मी बाबांशी बोलते. त्यांनी तीस वर्षं हिशेब तपासलेत.