मदत हवी आहे: सोसोगडावर जायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही फोंड्याचे चौघे, डिसेंबरात सत्तरीतल्या सोसोगडावर जायचा बेत आहे. गोव्यातलं सर्वांत उंच शिखर. उंची मात्र कुठे १०२६ मीटर लिहिलेली, कुठे ११६७! असो. डोंगर १९९९ साली जाहीर झालेल्या म्हादई अभयारण्यात येतो, म्हणजे वन खात्याची परवानगी लागणारच. ती वाळपईत मिळते की पणजीला खेपा घालाव्या लागतात? गावातला वाटाड्या कुणाच्या ओळखीचा आहे का? गेल्या पावसाळ्यात वाघेरीवर वाट चुकलो, जळवांनी पाय सोलून काढले, त्यामुळे या खेपेला वाटाड्याशिवाय जाणार नाही. डिसेंबरात वर पाणी मिळतं का? एका दिवसात उतरता येतं ना? जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावं.