डॉक्टरांच्या नावावर दीडशे पेपर आहेत, ते बघायचे कसे?

सोनूची_आई
नमस्कार मंडळी, माझ्या मुलाला डूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार) आहे, वय ९, गेली ३ वर्षं स्टेरॉइड चालू आहे. मध्यंतरी पाठ दुखते म्हणायला लागला म्हणून एक्स-रे काढला तर मणक्याचं एक हाड चेपलेलं निघालं, पडलाबिडला काहीच नव्हता. आता हाडं आणि स्नायू दोन्ही बघणाऱ्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलंय, ते रिसर्चही करतात. रात्री बसून पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर, नाव टाकलं तर दीडशेच्या वर पेपर आले आणि पहिल्या पानापुढे मला काही उमजेना. एच-इंडेक्स ३१ आहे म्हणे, म्हणजे चांगला का? नेमकं काय बघायचं कोणीतरी साध्या भाषेत सांगा प्लीज.

पानपान_वाचणारा
ताई, आधी ते सगळे पेपर त्याच माणसाचे आहेत का ते बघा, एकाच नावाचे दहा डॉक्टर असतात. त्यांचा ऑर्किड नंबर (प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक) मिळाला, १६ आकडी असतो, तर त्यावरून शोधा. एच-इंडेक्स ३१ म्हणजे ३१ पेपर असे की प्रत्येकाचा दाखला निदान ३१ वेळा तरी दुसऱ्यांनी दिलाय, एवढंच. दुर्मिळ आजारावर काम करणारेच मोजके, त्यामुळे तिथे दाखलेही कमी पडतात, म्हणून हार्टवाल्यांच्या आकड्याशी तुलना करू नका. त्यापेक्षा नाव कुठे आहे ते बघा. साधारणपणे पहिलं नाव ज्यानं प्रत्यक्ष काम केलं त्याचं आणि शेवटचं ज्याच्या देखरेखीखाली झालं त्याचं. वीस जणांच्या यादीत मधेच कुठेतरी असेल तर त्यावरून फारसं कळत नाही.

निळी_सायकल
माझ्या भाच्यालाही डूशेन आहे म्हणून लिहितेय. नावापुढे डूशेन आणि फ्रॅक्चर असे शब्द टाकून शोधा, दीडशेचे दहा-बारा होतील आणि तेच तुमच्या कामाचे. म्हाताऱ्या माणसांच्या ऑस्टिओपोरोसिसवर कितीही लिहिलेलं असलं तरी स्टेरॉइडवरच्या मुलाची गोष्ट वेगळी. या मुलांची उंची कमी राहते, मग डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजतात त्यात, हाड आहे त्यापेक्षा विरळ दिसतं, उंचीचा हिशोब धरावा लागतो. आणि मणका चेपला तरी कित्येकदा दुखतच नाही, म्हणून नुसत्या डेक्सावर न थांबता पाठीचा बाजूने एक्स-रे काढायला २०१८ च्या डूशेनच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही सांगितलंय. त्यांच्या पेपरांत हे मुद्दे दिसले तर माणूस या मुलांमध्ये वावरलेला आहे असं मी तरी धरेन.

तपासून_घ्या
वरचं सगळं बरोबर, पण मागे घेतलेले, म्हणजे गंभीर चूक किंवा गैरप्रकार निघाल्यानं जर्नलनं रद्द केलेले, पेपर आहेत का तेही बघाच. हाडांच्याच क्षेत्रात जपानचे संशोधक योशिहिरो सातो यांचं प्रकरण झालं. पक्षाघात, पार्किन्सन झालेल्यांचं खुब्याचं फ्रॅक्चर उपचारानं टळतं असं दाखवणाऱ्या त्यांच्या ट्रायल एकामागून एक, मोठमोठ्या जर्नलांत. ब्रिटन आणि न्यूझीलंडच्या संशोधकांनी त्यातल्या ३३ ट्रायलचे आकडे ताडून २०१६ मध्ये छापले. दोन्ही गटांतले पेशंट सुरुवातीला इतके सारखे की चिठ्ठ्या टाकून गट पाडले तर तसं होणं जवळपास अशक्य, शिवाय इतके पेशंट इतक्या थोड्या दिवसांत जमले कसे हाही प्रश्नच. पुढे शंभराहून जास्त पेपर मागे घेतले गेले, आणि तोवर दुसऱ्यांनी ते आकडे आपल्या अभ्यासांत धरलेले होते, याचा मला अजून राग येतो कारण शेवटी पेशंटच्या औषधापर्यंत ते पोचतं. पबमेडवर अशा पेपरवर मागे घेतल्याची ठळक पट्टी दिसते. सगळे डॉक्टर तसे नसतात, घाबरू नका, पण पाच मिनिटांचं काम आहे.

सोनूची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसले. चाळीसेक पेपर तर किडनीवाल्या दुसऱ्याच डॉक्टरांचे निघाले! डूशेनचे ११, त्यात ६ मध्ये यांचं नाव शेवटी, मागे घेतलेला एकही नाही. एक पूर्ण वाचता आला, झोलेड्रोनिक ॲसिड या हाडं बळकट करायच्या औषधावरचा. पहिल्या सलाइननंतर किती मुलांना ताप आला, कोणाचं कॅल्शियम उतरलं ते टेबलमध्ये नीट मांडलंय, आणि पेशंट कमी असल्यानं ठामपणे सांगता येत नाही असंही स्वतःच लिहिलंय, ते वाचून मला धीर आला. मंगळवारची अपॉइंटमेंट घेतलीय. तापात स्टेरॉइडचा डोस वाढवावा लागतो का हा प्रश्न वहीत सगळ्यात वर लिहून ठेवलाय.