रोपांच्या आकड्यांनी कांदळवन परत येते का?

खाडीकाठ (धागाकर्ती)

परवा एका लेखात असे मांडले होते, की रस्त्यासाठी किंवा पुलासाठी खारफुटी, म्हणजेच कांदळवन, तोडली म्हणून आक्रोश करण्याचे कारण नाही; एका झाडामागे पाच रोपे दुसऱ्या खाडीत लावली की भरपाई झाली. सोबत गुडघाभर चिखलात ओळीने रोपे रोवणाऱ्या तरुणांचे छायाचित्र होते. त्या तरुणांच्या तळमळीबद्दल मला आदरच आहे, परंतु हा समज आता सरकारी कागदांतही शिरला असल्यामुळे सविस्तर लिहिणे भाग आहे.

कांदळवन भरती-ओहोटीच्या जिवावर उभे राहते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि त्याचा लांब कोंब पाण्याबरोबर वाहत जाऊन, जमिनीची उंची योग्य असेल तेथे मूळ धरतो. म्हणूनच भराव काढला, रस्त्याखालची बुजलेली मोरी मोकळी केली आणि आसपास बी देणारी झाडे असली, तर बहुतेक ठिकाणी वन आपणहून परतते. म्हणून माझे सांगणे एकच, पाणी मोकळे सोडा. तमिळनाडूत पिचावरमला खोलगट जमिनीत पाणी साचून क्षार वाढले होते आणि झाडे मेली होती. तेथे माशाच्या काट्यासारखे चर खणून भरतीचे पाणी पुन्हा खेळवले, तेव्हा लागवड जगली. याउलट फिलिपिन्समध्ये वर्षानुवर्षे लाखो रोपे लावूनही साधारण १० ते २० टक्केच तगली, कारण ती सोयीची म्हणून ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खालच्या चिखलपट्टीवर लावली होती.

शिवाय ती चिखलपट्टी पडीक नसते. ठाणे खाडीत रोहित पक्षी चरतात ते तिच्यावरच. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, आणि आपण मात्र अशाच पट्ट्यांवर तिवराची (खारफुटीच्याच एका जातीची) रोपे टोचून त्याला संवर्धन म्हणतो.

रोपवाटिका

ताई, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि उरलेले अर्धे आमच्यासारख्यांवर अन्याय करणारे आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याचे कांदळवन २०१७ मध्ये ३०४ चौरस किलोमीटर होते, ते २०२१ मध्ये ३२४ झाले. हे नुसते बसून झाले काय? जेथे बी देणारे एकही झाड उरलेले नाही, तेथे कोंब येणार तरी कोठून? मी रोपवाटिकेत काम केले आहे. रोपांच्या कोवळ्या खोडांवर बार्नेकल (कवच असलेले चिकट समुद्री जीव) इतके चिकटतात की त्यांच्या भाराने रोप आडवे पडते. भरतीबरोबर आलेली प्लॅस्टिकची पिशवी त्याला गुंडाळली की तेही गेले. ते हाताने सोडवणारी माणसे आम्ही आहोत. दूरवरच्या पिचावरमचे दाखले देण्याआधी येथील श्रम पाहावेत, एवढीच विनंती.

खाडीकाठ

श्रम मी नाकारलेले नाहीत. परंतु त्याच अहवालमालिकेत २०१५ चा आकडा २२२ होता आणि २०१७ मध्ये तो ३०४ झाला, हे आपण सांगितले नाही. दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटरची वाढ ही लावलेल्या रोपांची असूच शकत नाही. त्यात मोजणीतला फरक असेल, पण मोठा वाटा आपणहून उगवलेल्या वनाचा असणार. माझा मुद्दा तोच तर आहे.

खारजमीन

आपणहून उगवलेले वन कोठे उगवले, हे या चर्चेत कोणी विचारणार आहे का? मी पेणकडचा शेतकरी. त्या वाढीत आमची बुडालेली शेतेही आहेत.

आमच्या पूर्वजांनी खाडीला मातीचे बांध घालून, उघाड्या (पाणी सोडण्या-अडवण्याची झडपांची दारे) बसवून, कित्येक पावसाळे जमिनीतला खार धुऊन काढून भुरा राता आणि काळा राता हे खाऱ्या जमिनीतले भात पिकवले. बांधाबाहेरची खारफुटी त्यांनी कधी तोडली नाही, कारण उधाणाची लाट आधी तिच्यावर फुटते हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. खेकड्यांनी बांधात बिळे केली, पाणी झिरपू लागले, की सारा गाव घमेली घेऊन धावत असे. पुढे देखभाल सरकारकडे गेली. आमच्या बांधाला खांड (भगदाड) पडली तेव्हा ती दोन पुरुष उंचीचीही नव्हती. अर्ज केले, अंदाजपत्रक झाले, निधी नाही असे उत्तर आले, आणि तोवर दोन उधाणांनी खांड ओढ्याएवढी केली. भाताच्या खाचरांत तिवर उगवले. आता दुरुस्तीचे नाव काढले की सांगतात, हे वन आहे, हात लावता येणार नाही. सातबारा आमचा, वन सरकारचे आणि भरपाई कोणाचीच नाही. येथे तुम्ही लिहिता, 'पाणी मोकळे सोडा'. ताई, ते वाक्य वाचून मला झोप लागली नाही.

होडीवाली

दादा, दुःख कळते. तरीही विचारते, तुमच्या आजोबांनी बांध घातला तेव्हा ती खाडी कोणाची होती? आमच्या सासऱ्यांच्या काळी खाडीच्या ज्या फाट्यात निवटी (चिखलातले मासे) आणि चिंबोऱ्या (खेकडे) मिळत, त्या फाट्याचे तोंड बांधाने कायमचे बंद झाले. शेतकऱ्याला निदान सातबारा असतो. कोळ्याचे पाणी कोणत्याही उताऱ्यावर चढत नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदराच्या भरावाने बाधित झालेल्या उरण भागातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटींहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे खाडी बुजवली की कोळ्याचे पोट बुजते हे कागदावर आले.

खारजमीन

म्हणजे आम्ही आणि बंदरे बांधणारे एकाच माळेचे मणी झालो! बंदराच्या भरावाची आणि चिखलाच्या बांधाची तुलना करताना थोडा तरी विवेक राखावा. आमच्या बांधाला उघाडी असते, भरावाला नसते. उगीच आगरी-कोळ्यांत भांडण लावू नका.

होडीवाली

भांडण मी लावलेले नाही. 'आमची शेते' म्हणताना त्यांखाली आमची खाडी आहे, एवढेच सांगितले. ते झोंबले असेल तर माझा नाइलाज आहे.

निकालपत्र

दोघांच्याही रागाची दिशा चुकते आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि भोवती ५० मीटरचा पट्टा राखला. हे आदेश नसते तर मुंबई परिसरात आज किती खारफुटी उरली असती, याची कल्पना करावी. मात्र त्यात सार्वजनिक हिताचा अपवाद आहे. डिसेंबर २०२२ मध्ये बुलेट ट्रेनसाठी सुमारे २०,००० खारफुटीची झाडे तोडण्यास परवानगी मिळाली ती त्याच वाटेने. मोठा प्रकल्प वकील उभे करून ती वाट चालू शकतो. खांडीपायी शेत गमावलेला शेतकरी तेथवर पोहोचतच नाही. तरीही बंदी सैल करणे हा उपाय नव्हे. एकदा 'शेत होते' हे कारण चालू लागले, की पहिल्या रांगेत शेतकरी नसतील, जमिनीचे दलाल असतील.

खारजमीन

दलालांचे म्हणणे मान्य करावे लागते. आमच्याच गावात बुडालेली जमीन पडत्या भावाने विकत घेणारे आले होते. पण त्यांच्या भीतीने आम्हाला किती वर्षे बुडवून ठेवणार?

रोपवाटिका

मूळ विषयाकडे येतो. चिखलपट्टीवर लागवड होऊ नये, हे धागाकर्तीचे म्हणणे मी मान्य करतो. आमच्यातील काहींनी ते आधीही सांगितले होते, पण दिलेले उद्दिष्ट रोपांच्या संख्येत असते आणि उघडी जागा तीच सापडते. रोपवाटिकाच नको, हे मात्र मान्य नाही.

खाडीकाठ

रोपवाटिका नको असे मी कोठेही लिहिलेले नाही. खारजमीन यांना मात्र उत्तर देणे लागते. 'पाणी मोकळे सोडा' हे मी राडारोड्याने बुजवलेल्या खाड्यांबद्दल लिहिले. पिकत्या शेताचा बांध फोडावा असे मी म्हणणार नाही. खांड नवी असताना ती तातडीने बांधावी, यालाही माझा विरोध नाही. परंतु जेथे तिवराचे दाट वन होऊन गेले आहे, ते तोडून पुन्हा भात, हे मला पटत नाही. तेथे जमीनमालकाला भरपाई किंवा दरवर्षी मोबदला मिळाला पाहिजे. वन राखण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारून त्याला यश म्हणता येणार नाही.

होडीवाली

आणखी एक गोष्ट. दादा, तुमच्या शेततळ्यातला जिताडा मासा कोठून येतो? पावसाळ्यात त्याची पिल्ले खाडीतून, खारफुटीच्या मुळांतून वाढत उघाडीवाटेच आत येतात. बाहेरची खाडी मेली तर तुमचे तळेही रिकामे राहील.

खारजमीन

जिताड्याचे खरे आहे. हल्ली पिल्ले विकत आणून सोडावी लागतात. बाहेरची खारफुटी राखायला आम्ही कधीच नाही म्हटले नव्हते. मोबदल्याचे जे वर लिहिले आहे, ते कोणत्या खात्याने द्यायचे आणि सातबाऱ्यावर 'वन' शेरा पडण्याआधी की नंतर, एवढे निकालपत्र यांनी स्पष्ट करावे. येत्या उधाणाआधी गावाची बैठक आहे, तेथे मला हे मांडायचे आहे.